राणीची लेकरं

मत्स्यबीज केंद्र, यमुनाकाठ
९ ऑगस्ट

मयुरा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय ना? दिसू दे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. मेलला उत्तर देत नाहीस. उरला हा थर्माकोलचा डबा. आमच्या केंद्रातून तुमच्या नोएडाच्या लॅबला माशांचे नमुने याच डब्यातून जातात. आमचा गाडीवाला श्याम म्हणाला, "भैया, वो मराठी मैडम खुद साइन करके लेती हैं." एवढं ऐकून मी त्याला समोसे खायला घातले.

तर बर्फात बाटल्या आहेत. प्रत्येकीत रोहूच्या एका पिल्लाच्या पराचा तुकडा, स्पिरिटमध्ये. कापलेत मीच. पिल्लाला काही होत नाही, पर पुन्हा उगवतो. माझं जे कापलंस ते उगवेल की नाही, माहीत नाही.

आधी कामाचं. गांधी जयंतीला आमची बोटुकली यमुनेत सोडायचीत. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, हे तुला सांगायला नको, पण मला हा शब्द आवडतो म्हणून लिहिला. मंडप, पाहुणे, कॅमेरे, सगळा थाट. दरवर्षी पुलाजवळ सोडतात, यंदा खूप वरची जागा ठरलीय. तिला सगळे वरचा डोह म्हणतात. तिथे आजवर कुणी बाहेरचा मासा सोडलेला नाही. तिथली रोहू मूळची नदीचीच आहे म्हणे. म्हणून यंदा तुमच्या लॅबचं प्रमाणपत्र लागतंय, की आमची पिल्लं नदीत सोडायच्या लायकीची आहेत. आहेतच. चकचकीत, एकसारखी, जणू छापून काढलीत.

आता माझं. मे महिन्यात गावी, भर पंगतीत आई मामाला म्हणाली, "दादा, मयुरा आमच्या विशूला दे. घरातली लेक घरात राहील." मामा हसला. नाही म्हणाला नाही! तू मात्र भरल्या ताटावरून उठलीस. का? मी कॉलेज सोडलं म्हणून? सोडलं. तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये सरांनी सगळ्यांसमोर "फौजी का गधा" म्हटलं, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. बाबांना कोणी बोललेलं मी ऐकून घेत नाही. पण रिकामा बसलो नाही ना यार. आमचे मॅनेजर जयेश सर म्हणतात, तुला लवकरच सुपरवायझर करतो, वर क्वार्टर.

हो की नाही, एवढंच सांग. मामाची मुलगी आहेस. माझा हक्क आहे.

तुझाच,
विश्वजित

*

नोएडा
१६ ऑगस्ट

विश्वजित,

नमुन्यांच्या डब्यात पत्र ठेवू नकोस. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अश्लेषाने ते आधी उघडलं आणि दिवसभर "समोसेवाला आशिक" करत माझा जीव खाल्ला.

कामाचं विचारते. सगळे तुकडे एकाच टाकीतल्या पिल्लांचे घेतलेस का? वेगवेगळ्या तलावांतून घ्यायचे, असं आम्ही स्पष्ट कळवलं होतं. डीएनए पाहिला तर ही सगळी सख्खी नाही तर सावत्र भावंडं दिसतात. चूक झाली असेल तर तसं सांग, पुन्हा पाठव. झाली नसेल तर अंडी कुठल्या माशांची घेता आणि ते मासे कसे निवडता, सविस्तर लिही.

माझ्यावर कुणाचा हक्क आहे, ते मी ठरवते.

आत्याला नमस्कार. रिंकूला सांग, तिने आतोबांच्या चालीची केलेली नक्कल पाहिली. खुर्चीवरून पडायची बाकी होते.

मयुरा

*

यमुनाकाठ
२० ऑगस्ट

मयुरा,

चूक? प्रत्येक तलावात छातीभर पाण्यात उतरून मी पिल्लं काढलीत आणि तू एसीत बसून मला एकाच टाकीचं विचारतेस!

ऐक, कसे निवडतो ते. आमच्याकडे एक मादी आहे, राणी. मीच ठेवलंय नाव. पिट्युटरीचं इंजेक्शन दिलं की सगळ्यांत आधी तिचीच अंडी सुटतात, आणि किती, बघत राहावं. एक नर आहे, राजा. त्याचं वीर्य आम्ही राणीच्या आणि तिच्या लेकींच्या अंड्यांवर सोडतो आणि कोंबडीच्या पिसाने हलक्या हाताने ढवळतो. पिसाचं काम माझ्याकडे आहे. जयेश सर म्हणतात, तुझा हात हलका आहे, डोकं तेवढं जड. पिल्लांतली सगळ्यांत दांडगी पुढच्या खेपेसाठी ठेवतो. बाहेरचा मासा आत घेत नाही, रोग येतो. चांगल्यातून चांगलं काढायचं, अजून चांगलं काढायचं. यात वाईट काय?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? बाबांना त्यांच्या मामाचीच मुलगी दिली, म्हणजे आई. माझी आजी आणि आपले आजोबा सख्खे बहीणभाऊ. काय बिघडलं? बाबा सुभेदार झाले, मी सहा फूट आहे, धाकटी रिंकू वर्गात पहिली येते. आणि रिंकूला ऐकू येत नाही, तिच्या कानांचं म्हणशील तर तो ताप होता. बाबा सीमेवर, रिंकू तान्ही, आईला लष्करी इस्पितळात पोचायला उशीर झाला. त्याचा याच्याशी काय संबंध?

पण तुला नवीनच रक्त हवं असेल तर तेही आणतो. पुलाजवळच्या मच्छीमारांकडून जंगली रोहू घेतो. जयेश सरांना पटवतो. मग तर देशील प्रमाणपत्र?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही.

विश्वजित

*

नोएडा
२६ ऑगस्ट

विश्वजित,

रिंकूच्या कानांचं मी विचारलं नव्हतं. विषय तू काढलास.

आधी मासे. तुमची पिल्लं तलावात छान दिसणारच. वेळेवर खाद्य, औषध, बगळ्यांसाठी वर जाळी. नदीत यातलं काही नाही. तिथे एखादा रोग आला की वेगवेगळ्या घराण्यांचे मासे असतील तर काही मरतात, काही तगतात. एकाच राणीची लेकरं असतील तर एकाला लागलेलं सगळ्यांना लागतं. शिवाय प्रत्येक जिवाच्या आत काही ना काही दोष झाकलेला असतो. जोडीदार लांबचा असला की तो बहुतेक झाकलेलाच राहतो. दोघांकडे एकच दोष असला की पिल्लात उघडा पडतो.

आणि ती नुसती मेली असती तरी नदीचं फार बिघडलं नसतं. जी जगतात ती मूळच्या माशांशी जुळतात. लाखांनी सोडलेली तुमची, शेकड्यांनी उरलेली नदीची. थोड्या पिढ्यांत नदीचं घराणं पातळ होतं, मग संपतं. वरच्या डोहात जे आहे ते एकदा गेलं की कुठल्या टाकीत बनवता येणार नाही. तिथल्या माशांचे नमुने आमच्याकडे आहेत, म्हणून सांगते. एकेक वेगळा आहे, विशू. मी कंप्युटरसमोर बसून हसत होते.

मी 'नाही' लिहिणार आहे. आमच्या पुष्कर सरांना 'हो' हवंय, कारण तुमचं केंद्र मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणून पुरावा पक्का हवा. राणी, राजा आणि बाकी मोठ्या माशांचे तुकडे पाठव. पुलाजवळच्या जंगली माशांचेही. तुझी नोकरी धोक्यात येईल हे मला कळतंय. विचार करून कर.

'घरातली लेक घरात' हे पुन्हा लिहू नकोस.

मयुरा

*

यमुनाकाठ
५ सप्टेंबर

मयू,

पत्र किती वेळा वाचलं, सांगत नाही. नाही म्हणणारी मुलगी इतकं लांब लिहीत नाही. आणि 'विशू' लिहिलंस. मला दिसतं सगळं.

आज तुकडे पाठवतोय. राणीचा, राजाचा, सगळ्यांचे. राणीचा पर कापताना हात जड झाला, खरं सांगतो. तिने शेपटीचा असा तडाखा दिला की चष्मा तलावात. जयेश सर विचारत होते, हे कशाला? म्हटलं, लॅबने मागितलंय. ते म्हणाले, "लैब ने या तेरी मैडम ने?" सगळं केंद्र हसलं. मी कुणाच्या तरी श्रीमुखात देणार होतो. तुझ्यासाठी गप्प बसलो.

लाल दोऱ्याच्या बाटल्या जंगली माशांच्या. पुलाजवळून मी स्वतः आणलेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून, ऑटोमध्ये मांडीवर घेऊन. ऑटोवाला म्हणाला, "बच्चा है क्या?" काय मासे आहेत! पाठीवर काळपट झाक, अंगात मस्ती. वेगळ्या टाकीत ठेवलेत. पुढच्या खेपेला राणीची अंडी आणि हा जंगली नर. जयेश सर हो म्हणालेत. बघ, तू सांगितलंस आणि मी केंद्र बदललं. यंदाची बोटुकली थांबव, बिल्कुल थांबव, मी तुझ्या बाजूने आहे.

दिवाळीत मामा दिल्लीला येतोय, असं आई म्हणाली. तेव्हा तू पण घरी ये. बाकी मी बघतो.

तुझा विशू

*

नोएडा
१५ सप्टेंबर

विशू,

हे पत्र नीट बसून वाच. उभ्याने वाचून काही फोडू नकोस.

तुझे जंगली मासे जंगली नाहीत. ते राणीचे नातू आहेत. काही वर्षांपूर्वी पुलाजवळ तुमच्याच केंद्राने सोडलेले. नदीत वाढले, पाठ काळी झाली, अंगात मस्ती आली. आतून तेच. तू मांडीवर घेऊन घरचीच पोरं घरी आणलीस. तुझ्यावर हसत नाहीये. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पाहून कळतच नाही. पुलाजवळची नदी आता बरीचशी तुमचीच झालीय. वरचा डोह तेवढा राहिलाय.

मी 'नाही' लिहून दिलंय.

आता दुसरं. हे मला रिंकूने लिहायला सांगितलंय, तिच्या परवानगीनेच लिहिते. जूनमध्ये ती एकटी मेट्रो बदलत नोएडाला आली. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माणसांची तपासणी होते. फोनवर टाइप करून माझ्यासमोर धरलं: "मला ताप आला होता म्हणून ऐकू येत नाही, हे मला पटत नाही. मला माझं खरं कारण हवंय. मी अठरा वर्षांची आहे, आईला विचारायची गरज नाही." तिने स्वतः सही केली. मीही माझी तपासणी केली, कारण मला भीती होती.

ताप नव्हता. जन्मापासून आहे. तिला एकच दोष दोन्ही बाजूंनी मिळालाय, आत्याकडून आणि आतोबांकडून. तो एका घरातून आला. माझ्यातही त्याची एक प्रत आहे. तुझ्यात आहे की नाही, माहीत नाही. हा झाला एकच, जो आम्हाला शोधता आला. बाकीचे किती झाकलेत, कोण सांगणार?

रिंकूत काही कमी आहे असं मी म्हणत नाही. असं कुणी म्हणालं तर तुझ्याआधी मी त्याच्या श्रीमुखात देईन. पण सगळं माहीत असताना, डोळे उघडे ठेवून, मी दुसऱ्यांदा तीच गाठ बांधणार नाही. मी पुण्यात वाढले, तू छावण्यांत वाढलास, म्हणून आपल्याला वाटतं आपण लांबचे. तुझ्या काळ्या पाठीच्या माशांसारखे.

उत्तर नाही आहे, विशू.

मयुरा

*

यमुनाकाठ
१९ सप्टेंबर

मयुरा,

वा. माशांच्या डब्यातून माझ्या घराचा निकाल.

माझ्या बहिणीची थुंकी तुला माझ्याआधी कळली. जूनपासून तुम्हा दोघींना माहीत होतं. मी मूर्खासारखा बर्फात पत्रं पुरत होतो आणि तू आतल्या आत मला आणि आईबाबांना बाटलीत घालून तपासत होतीस. आईने काय पाप केलं? तिला जे घर दिलं त्या घरी ती गेली.

तुला कळावं म्हणून लिहितो. तुझं 'नाही' इकडे पोचलं. जयेश सरांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. म्हणाले, लॅब नवीन नमुने घ्यायला तयार आहे. वरच्या डोहात जा, तिथल्या माशांच्या परांचे तुकडे काप, बाटल्यांवर आपल्या तलावांची चिठ्ठी लाव, खाली तुझी सही कर. गांधी जयंतीनंतर तू सुपरवायझर, क्वार्टर तुझं. म्हणाले, "शादी करनी है ना तुझे? ख़ाली हाथ कौन देगा लड़की?"

मुलगी तर तशीही मिळत नाहीये. मग नदीसाठी मी का मरू? नदीने माझं काय केलंय? तुझ्यासाठी करत होतो. आता नाही करत.

उद्या डोहावर जातोय. कात्री धारदार करून ठेवलीय.

विश्वजित

*

नोएडा
२१ सप्टेंबर

विशू,

श्यामला थांबवून घाईत लिहिते. तुझा नंबर मी अनब्लॉक केला, तू फोन बंद ठेवलायस.

फाइल माझ्याकडून काढून घेतलीय. नवीन नमुने दुसरं कुणीतरी वाचणार. बाटलीवर जे लिहिलेलं असेल ते खरं मानून वाचणार. मी काही करू शकत नाही. प्रमाणपत्र आता माझ्या सहीवर नाही, तुझ्या चिठ्ठीवर आहे.

जूनपासून लपवलं, ही माझी चूक. रिंकूने थांबायला सांगितलं होतं, पण मला बरंच वाटलं होतं थांबायला. तू विचारलं होतंस, ताटावरून का उठले. मामाच्या पोरीवर हक्क सांगणाऱ्यांचा राग आला होता, हे खरं. पण आत्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत उठले. नंतर तपासणी केली ती 'हो' म्हणता येईल का, ते बघायला.

माझा राग माझ्यावर काढ. रागात हातातलं आपटतोस तसा माझा फोन आपट, हवं तर. डोहावर काढू नकोस.

मयुरा

*

दिल्ली कॅन्टोन्मेंट
२९ सप्टेंबर

मयुरा,

डबा श्यामच आणेल, पण पत्र घरून लिहितोय. केंद्रातून मला काढलं.

डोहावर गेलो होतो. तुझं पत्र अजून मिळालं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुला वाटेल त्या 'हो'ने विरघळलो. रागात गेलो होतो. पहिली रोहू जाळ्यात आली, ती बारकी, ओठाने वाकडी. दुसरी लांबट, परांवर लालसर. तिसरी पहिल्या दोघींसारखी नव्हतीच. मी कात्री हातात धरून बसलो होतो आणि माझ्या डोक्यात आमचे तलाव, छापून काढलेले. वाकड्या ओठाची हातातून अशी निसटली की पराचा काटा अंगठ्यात घुसला. मी तिला अशी शिवी दिली की नावेवरचा म्हातारा म्हणाला, "बेटा, मछली को हिंदी नहीं आती." मला हसू आलं. राग गेला की माझ्यात फार काही उरत नाही, तुला माहीतच आहे. तिन्ही सोडल्या.

रिकाम्या बाटल्या आणि कोरी चिठ्ठी जयेश सरांच्या टेबलावर ठेवली. आपटली नाही. ठेवली. ते म्हणाले, "साइन कर." म्हटलं, नाही. ते म्हणाले, "दूसरा लड़का कर देगा." म्हटलं, बेशक. पण तुमची पिल्लं आणि डोहातले मासे यांच्यातला फरक कार्यक्रमाच्या मंडपात सगळ्या कॅमेऱ्यांसमोर मी सांगेन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. तो त्यांना माहीत आहे.

बोटुकली हरियाणातल्या शेततळ्यांना गेली. तळी बंद आहेत, मासे खायचेच आहेत, तिथे कुणाचं घराणं बुडत नाही. मंडप तसाच आहे. पाहुणे आता कडुनिंब लावणार आहेत. मी जाता जाता विचारलं, रोपं एकाच झाडाची नाहीत ना? जयेश सरांनी चप्पल काढली.

दुसरा एखादा पोरगा पुढच्या वर्षी सही करेल का? करेलही. जाळं आणि आवाज दोन्ही माझ्याकडे आहेत. डोहाजवळच राहण्याची सोय बघतोय.

घरी आलो तर रिंकूने आईला सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, आई कोसळेल. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे. आईने रिंकूचा फोन हातात घेतला, टाइप केलेलं पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला म्हणाली, "म्हणजे मी उशीर केला नव्हता?" मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तो रिक्षावाला आठवत होते. म्हणायचे, आधीचा रिक्षावाला का सोडला." मग रडली. बाबा वळले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना असं करताना मी पहिल्यांदा पाहिलं. रिंकूने हातवारे करून मला विचारलं, आता तरी ही माझ्यासाठीचे सोमवार सोडेल का? आई म्हणाली, सोमवार तुझ्यासाठी नाहीत, या गाढवाला अक्कल यावी म्हणून आहेत.

'घरातली लेक घरात' आता आमच्या घरात कुणी म्हणणार नाही. आईने मामाला फोन करून आपला शब्द मागे घेतला. तुझ्यावर आता कसलंच बंधन नाही.

डब्यात एकच बाटली आहे. मासा नाही. गालाच्या आतून कापसाची काडी कशी फिरवायची ते रिंकूने दाखवलं, तीन वेळा माझ्या डोक्यात टपली मारून. चिठ्ठीवर खरं लिहिलंय. नाव विश्वजित मल्हारी, नर, ठिकाण कॅन्टोन्मेंट, पकडल्याची पद्धत: स्वतःहून आला. वरच्या मजल्याचा फॉर्म भरून, सही करून आत घातलाय.

पुढेमागे कुणाशीही संसार केला तरी मला माहीत असायला हवं, म्हणून देतोय. त्यात दोष नाही निघाला तर मी तो कागद तुझ्यापुढे नाचवणार नाही. झाकलेले बाकीचे किती, हे तूच लिहिलंयस, मी पाठ केलंय. त्या बाटलीतून 'हो' निघत नाही, हे मला कळलंय. तुझ्या तोंडात एकदा आलं होतं, एवढं पुरे.

रिकामा डबा श्यामकडे परत देऊ नकोस. केंद्राला तो आता तुमच्याकडे पाठवायचा नाही. मी स्वतः न्यायला येईन. खाली गेटवर उभा राहीन. तू बोलावलंस तर वर येईन. नाहीतर अश्लेषाबरोबर डबा खाली पाठव. तिला सांग, समोसे आणलेत.

विशू